शेवटची पट्टी

युनूस, गेले अठरा दिवस मी कापड बघत फिरतो आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या खांद्यावरचा पंचा, हॉटेलातल्या टेबलावरचं कापड, शेजारच्यांच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर. नक्षी असली की मी जवळ जातो आणि हिऱ्याचं खालचं टोक शोधतो. परवा दवाखान्यात एका बाईंच्या पिशवीकडे इतका वेळ बघत होतो की त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. माझं वय त्र्याहत्तर. त्यांना काय सांगणार, की बाई, मी एक चूक शोधतो आहे आणि ती ओळखणारा दुसरा माणूस आता नाही.

तुझं कफन साध्या विणीचं होतं. तरी माझी नजर त्यावरून वरपासून खालपर्यंत गेलीच.

तू माझ्या वर्गात पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतो. कॉम्प्युटरच्या त्या वर्गात सगळी विशीतली पोरं होती आणि मागच्या बाकावर तू, चाळिशीचा, नखांत लूमचं काळं तेल. मी विचारलं, "तुम्ही पालक का?" पोरं हसली. तू म्हणालास, "नाही मास्तर, मी पण शाळकरी." त्या दिवसापासून मी तुला अरेतुरे केलं आणि तू मला शेवटपर्यंत मास्तर म्हणालास. चार महिन्यांनी तू ग्राफपेपरची एक गुंडाळी घेऊन आलास. त्यावर तुझ्या वडिलांनी पेन्सिलीने भरलेल्या चौकटी होत्या. लूमवर नक्षी उठवायची तर डॉबीला, म्हणजे लूमवरच्या नक्षीच्या यंत्राला, लाकडी पट्ट्यांची माळ लागते, आणि प्रत्येक पट्टीच्या कुठल्या भोकात खुंटी मारायची ते आधी कागदावर काढावं लागतं, हे मला तूच शिकवलंस. "अब्बांचे डोळे गेले यात," तू म्हणालास. "हे कॉम्प्युटरला शिकवता येईल का?"

तू ते शिकवलंस. मी फक्त तुझं व्याकरण तपासलं. पडद्यावर चौकटी भरायच्या आणि छापल्यावर कागदावर पट्टीवार खुंट्यांचा आराखडा यायचा. नाव ठेवलं 'ताणा'. एका शेठने विकत मागितलं तेव्हा तू त्याला चहा पाजलास आणि परत पाठवलंस. सगळं उघडं ठेवायचं, असं तूच ठरवलंस. आतली ओळ न् ओळ कुणीही वाचावी, न्यावी, बदलावी. मी म्हणालो, "निदान कोण वापरतं ते कळायला हवं." इंटरनेटवरून गुपचूप मोजायची सोय करता आली असती. तू कानाला हात लावलास. "दुसऱ्याच्या घरात डोकावून बघायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल." मग आपण ती प्रथा पाडली. ताणा उघडला की पहिल्याच पडद्यावर वाक्य यायचं: 'किंमत नाही. यावर विणलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा पाठवा.' खाली माझ्या घरचा पत्ता. तुमच्या गल्लीत घरांचे नंबर दर निवडणुकीला बदलायचे आणि टपाल भलतीकडे जायचं, म्हणून माझा पत्ता.

किती तुकडे आले, युनूस! मालेगावहून, इचलकरंजीहून, इथल्याच नारपोलीहून. तू शुक्रवारी नमाजनंतर यायचास आणि चहा यायच्या आधी विचारायचास, "आज क्या आया?" मग तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात धरायचास. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "भाई, एक्स-रे बघताय की कापड?" तू म्हणायचास, "भाभी, दोन्ही एकच. हाडं दिसली पाहिजेत."

आपला दुसरा नियमही त्याच काळातला. तू एकदा घाईत एक दुरुस्ती परस्पर बाहेर सोडलीस आणि मालेगावच्या एका माणसाचा ताण्याच्या सुताचा अख्खा बीम वाया गेला. दोन दिवस तू जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, "मास्तर, आजपासून दोघांनी बघितल्याशिवाय काही बाहेर पडणार नाही. मी केलं तर तुम्ही बघा, तुम्ही केलं तर मी." सोय तशी केली. एकाने दुरुस्ती पाठवायची, ती ताणाच्या पानावर 'मंजुरीची वाट' म्हणून पडून राहायची, दुसऱ्याने होकार दिला की बाहेर. एकट्यालाही कळ दाबता आली असती. आपण दोघांनीही कधी दाबली नाही.

आता त्या भांडणाकडे येतो. ते मी इतक्या वेळा मनात भांडलो आहे की तुझी वाक्यंही मला माझ्यासारखीच पाठ आहेत.

दुसरी आवृत्ती तुझी होती. जुन्या, टाकाऊ कॉम्प्युटरवर चालायची, इंटरनेट नसलं तरी चालायची. तिसरी माझी. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आणि बाहेरगावच्या चारपाच जणांनी मिळून केलेली, रंगीत, देखणी. दोन्ही सांभाळताना आमची दमछाक व्हायची. प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची. जुनी आवृत्ती ज्या प्रणालीवर चालायची, ती बनवणाऱ्यांनीही तिला सोडून दिलं होतं. पोरं कुरकुरायला लागली, नोकऱ्या सांभाळून फुकट काम करणारी पोरं ती. मी म्हणालो, दुसऱ्या आवृत्तीचा सपोर्ट बंद करू. एक तारीख देऊ, ज्याला यायचं तो तिसरीवर येईल.

तू म्हणालास, "ज्याच्याकडे डबडा कॉम्प्युटर आहे तो कशावर येईल? खटाऱ्यावर?"

"युनूस, जगात सगळे हेच करतात. जुनं कुठवर ओढायचं?"

"एक बंदा भी चला रहा है ना मास्तर, तो चालू ठेवायचं. तुम्हाला नाही जमत तर मी बघतो. मैं हूँ ना अभी."

"आणि एकही नसेल तर?"

तू कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "एकही नसेल तर मी स्वतः बंद करीन."

त्यावर ठरलं. दुसऱ्या आवृत्तीत सूचना घातली: 'अजून ही आवृत्ती वापरत असाल तर तुकडा पाठवा. दिवाळीपर्यंत वाट बघू.' ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यापर्यंत निरोप जावा म्हणून तू कुठे कुठे फोनही लावलेस.

तीन तुकडे आले.

हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितो आहे. तीन तुकडे आले, युनूस, आणि तिन्ही मुदतीच्या आत आले. एक मालेगावचा, लुंगीचा. एक कुणा बाईंचा, पडद्याच्या कापडाचा, पत्ता नीट लागत नव्हता. तिसऱ्यासोबत वहीच्या पानावर चिठ्ठी होती. वज्रेश्वरीच्या काळूराम नावाच्या माणसाची. 'साहेब, नमस्कार. पंचाचा तुकडा धाडलाय. आमच्याकडं दोन लूम हायेत. पट्ट्या विषम झाल्या का शेवटची पट्टी कागदावर येतच न्हाय. हिऱ्याचं टोक तुटतंय. गिऱ्हाईक विचारतंय. मशीन जुनाच हाय, नवा घ्यायची ऐपत न्हाय. जमलं तर बघा.'

मी तुकडा उजेडात धरला. हिऱ्यांच्या रांगा सुरेख उतरल्या होत्या, पण प्रत्येक हिऱ्याचं खालचं टोक कापलेलं होतं. ती पट्टी त्याला हाताने मारता आली असती. पण कागदावर नसलेली पट्टी कुणी मारत नाही, त्याचा कागदावर विश्वास असतो. तुला हे काम एका दुपारचं होतं.

मी तिन्ही तुकडे आणि चिठ्ठी बायकोच्या गुडघ्याच्या एक्स-रेच्या पाकिटात घातली आणि पाकीट कपाटात उभं केलं.

का, ते मी स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगितलं. तुझी बोटं दुखायला लागली होती, तुला विश्रांती हवी. पोरं काम सोडून जातील. तीन माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला. यातलं काहीच खोटं नाही आणि काहीच खरं कारणही नाही. जुनी आवृत्ती बंद करणं हा काही गुन्हा नाही. ती कधी ना कधी बंद करावीच लागते आणि तारीख सांगून, निरोप देऊन करता येते. मी तुला तीन तुकडे दाखवून म्हणू शकलो असतो की तरीही बंद करू. आपण भांडलो असतो. कदाचित तू जिंकला असतास, आणि तेच मला नको होतं. लोक अजून ताणाला 'युनूसभाईचं डिझाइन' म्हणत. तुझी आवृत्ती चालू होती तोवर माझी दुसऱ्या नंबरची होती. मास्तर मी होतो ना.

शुक्रवारी तू आलास. चहा यायच्या आधी विचारलंस, "मास्तर, कुछ आया?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही, युनूस."

तू मान हलवलीस. माझ्याच कॉम्प्युटरवर बसलास आणि सूचना स्वतः लिहिलीस, एकेक अक्षर शोधत: 'दुसरी आवृत्ती आता कुणी वापरत नाही. तिची कामं बंद केली आहेत. ज्यांनी वापरली त्यांचे आभार.' मग मला म्हणालास, "बघा, व्याकरण बरोबर आहे ना?" मी बघितलं. होकाराची कळ मीच दाबली. त्या दिवशी तू चहा अर्धा ठेवून गेलास आणि मी दुसऱ्या आवृत्तीबद्दल येणाऱ्या सगळ्या सूचना माझ्याकडे बंद करून टाकल्या. म्हटलं, मिटलं.

मी दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप बारीक व्हायला लागला. बाजूला बसणाऱ्याने एकदा विचारलंही, घसा बसलाय का म्हणून.

आणि मग वज्रेश्वरी. तीच जागा यायला हवी होती का? तुझ्या गुडघ्यांना गरम पाण्याचा उपाय कुणी सांगितला आणि तू माझ्यामागे लागलास. "मास्तर, तुमचे पण गुडघे गेलेत, दोन जुने व्हर्जन जाऊन शेकून येऊ." मला काळूरामचं गाव आठवलं नाही असं नाही. पण तेवढ्या गावात तेवढा एक पंचा कुठून समोर येणार, असं वाटलं. एसटीने गेलो. कुंडात उतरलास तेव्हा एवढा ओरडलास की कडेला पाय सोडून बसलेली म्हातारी म्हणाली, "बाबा, सोसत नसंल तर भायेर या, जाग्यावर शिजशाल." तू म्हणालास, "दादी, नमक तेवढं टाका."

बाहेर आलो तर टॉवेल आणला नव्हता. कुंडाच्या वाटेवर एक बाई पंचे विकत बसली होती. तिने एक पुढे केला आणि स्वतःच म्हणाली, "ह्याच्या नक्षीला टोक न्हाय बाबा, आधीच सांगतंय. पन पानी चांगला पितंय."

तू पंचा उलगडलास. उजेडात धरलास. एक डोळा मिटलेला, अंगावरून पाणी निथळतंय. मी तुझ्या मागे उभा होतो आणि तुझ्या खांद्यावरून मलाही दिसत होतं, टोक कापलेल्या हिऱ्यांच्या रांगा, एकाखाली एक, अगदी माझ्या कपाटातल्या तुकड्यासारख्या. ती चूक जगातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राची असूच शकत नव्हती. तुला तुझं अक्षर ओळखता येत नसेल का?

बाई म्हणाली, "घ्यायचा हाय का नुसता बघायचा हाय?"

तू विकत घेतलास, घडी केलीस आणि कोरडाच पिशवीत ठेवलास. अंग तुझ्याच सदऱ्याने पुसलंस. मी म्हणालो, "अरे, पंचा घेतलास ना?" तू म्हणालास, "तो घरी नेतो."

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलास. पिशवी मांडीवर घेतलीस. मग म्हणालास, "मास्तर, तुमच्याकडचा पोस्टमन बदलला का?"

"नाही. का रे?"

"असंच."

एवढंच. मी त्या 'असंच'मध्ये अजून अडकून पडलो आहे. पुढचे अकरा महिने तू येत राहिलास, दर शुक्रवारी. 'आज क्या आया' विचारणं तू सोडून दिलं होतंस. लूम विकून तिथे आता कुणाचं गोदाम झालंय ते सांगायचास, तुझी लेक नसरीन शिकवते त्या शाळेतल्या गमती सांगायचास. चहा पूर्ण प्यायचास. कधी बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघायचास, रागाने नाही, वाट बघितल्यासारखं, आणि मी उठून पंख्याचं बटण कमीजास्त करायचो. प्रत्येक शुक्रवारी मी ठरवायचो की पुढच्या शुक्रवारी. शेवटच्या शुक्रवारी तू आला नाहीस, नसरीनचा फोन आला.

मागच्या आठवड्यात तिने मला घरी बोलावलं. म्हणाली, "चाचा, अब्बांचं टेबल तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" खणात तो पंचा होता. घडी तशीच, न वापरलेला. एका टोकचुक्या हिऱ्याभोवती तू पेन्सिलीने गोल केला होतास आणि खाली तुटलेलं टोक चौकटी मोजून काढून दाखवलं होतंस, तुझ्या अब्बांच्या ग्राफपेपरवर काढावं तसं.

नसरीनने कॉम्प्युटर चालू केला. ताणाचं पान उघडंच होतं. ती म्हणाली, "चाचा, हे पिवळं काय आहे? 'मंजुरीची वाट' लिहिलंय."

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. दुसरी आवृत्ती. दुरुस्ती पाठवणारा, युनूस. तारीख कुंडावरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवसाची. तुझं टिपण: 'पट्ट्या विषम असल्या की शेवटची सुटत होती. दुरुस्त केली. मास्तरांनी बघावं. वापरणारे: निदान एक.'

अकरा महिने ते तिथे होतं, युनूस. आपण सगळं उघडं ठेवलं होतं ना, साऱ्या जगाला दिसत होतं. ज्याने बघायचं त्यानेच डोळे मिटून घेतले होते. तुला एकट्याने कळ दाबता आली असती. मला एका वाक्यात उघडं पाडता आलं असतं. तू नियम पाळलास. केलं आणि मला बघायला ठेवलंस.

मी तिथेच नसरीनला सगळं सांगितलं. पाकिटासकट. ती शाळेत शिकवते, तिला खोटं बोलणाऱ्यांची सवय आहे. पण माझ्या वयाच्या माणसाची नसावी. ती पंच्याची घडी घालत आणि मोडत राहिली. मग म्हणाली, "अब्बा जायच्या आधी चार दिवस म्हणाले होते, मास्तर बघतील. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतायत." आणि ती उठून आत गेली. चहा विचारला नाही. बरोबर केलं.

घरी येऊन मी तुझी दुरुस्ती वाचली. ओळ न् ओळ, दोनदा. व्याकरण बरोबर होतं. मग मी आधी जुनी सूचना काढली आणि तिच्या जागी लिहिलं: 'दुसरी आवृत्ती कुणी वापरत नाही असं इथे लिहिलं होतं. ते खोटं होतं. युनूसने ते खरं समजून लिहिलं, कारण मी त्याला तसं सांगितलं. तेव्हा तीन तुकडे आले होते. ते मी दडवले. ते माझ्याकडे आहेत.' खाली माझं नाव. पोरांचे फोन आले. एक म्हणाला, "सर, हे लिहायची काय गरज होती, कुणाला आठवतंय?" मी म्हणालो, तू नको आठवूस, मी आहे. त्यानंतर तुझ्या दुरुस्तीला होकार दिला. पिवळं होतं ते हिरवं झालं. तुझ्या दुरुस्तीच्या आणि माझ्या मंजुरीच्या तारखांमध्ये जे अंतर दिसतं ते आता कायमचं तसंच दिसेल. दिसू दे.

पण काळूरामकडे इंटरनेट नाही. त्याला कसं कळणार? म्हणून काल पेनड्राइव्ह घेऊन एसटीने गेलो. पत्र्याची शेड, दोन लूम, कोपऱ्यात तुझ्या आवृत्तीला शोभेल असा डबडा कॉम्प्युटर, वर प्लास्टिकचं फडकं. काळूराम पन्नाशीचा, कानात कापसाचे बोळे. लूम बंद करून माझं ऐकलं. मी दुरुस्ती चढवून नवा कागद छापला. शेवटची पट्टी आली. तो कागदाकडे बघत म्हणाला, "मागं एक चिठ्ठी धाडली व्हती मी. मिळाली न्हाय वाटतं?"

टपालाचं काय सांगावं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने ते मान्य केलं असतं.

"मिळाली होती," मी म्हणालो. "मी दडवली."

त्याने कानातला एक बोळा काढला. "काय म्हनला?"

मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, मोठ्याने.

त्याने बोळा खिशात टाकला. मग तो खाली बसून नव्या पट्टीत खुंट्या ठोकायला लागला. ठोकता ठोकता म्हणाला, "दोन वरसं बायको गिऱ्हाईकांना सांगतंय, टोक न्हाय, टोक न्हाय." आणखी एक खुंटी. "ते युनूसभाई कुठं हायेत? पडद्यावर नाव येतंय त्यांचं."

मी सांगितलं. त्याने हातोडी खाली ठेवली आणि पट्टी माळेत जोडली. लूम सुरू झाला तेव्हा शेड इतकी हादरत होती की मी काही बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं. वीतभर कापड उतरल्यावर त्याने ते कापलं, तळहाताएवढं, आणि माझ्या हातात दिलं. "तुमचा पत्ता तोच ना? पोस्टात कशाला घालू?"

मी तुकडा घेऊन शेडच्या दारात आलो. तू असतास तर मला बघू दिलं नसतंस, आधी तू घेतला असतास. मी उजेडात धरला. एक डोळा मिटला.

टोक आहे, युनूस.